छत्तीस तासांची ड्युटी

मुंबईचे केईएम, पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी, यांपैकी कुठेही रात्री दोन वाजता रुग्णाला घेऊन गेलात की समोर येणारा डॉक्टर बहुधा पंचवीस ते तीस वर्षांचा असतो. एमबीबीएस झालेला आणि आता एमडी किंवा एमएस करणारा. त्याला निवासी डॉक्टर म्हणतात. त्या दिवशी त्याच्या युनिटची इमर्जन्सी असेल तर तो सकाळी आठपासून उभा असतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याची सुटका नसते.

हे डॉक्टर संपावर गेले की चार दिवस त्यांच्यावर चर्चा होते. संप मिटला की विषयही मिटतो. 'आजकालच्या मुलांना सहन होत नाही' असे म्हणणारे ज्येष्ठ डॉक्टर मला भेटले आहेत आणि त्यांचे म्हणणे मला अजिबात पटत नाही. या मुलामुलींना आलेला थकवा आणि वैताग हा न भरलेल्या पदांचा आणि न पाळलेल्या नियमांचा परिणाम आहे. त्याची झळ शेवटी रुग्णाला बसते, म्हणून हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवे.

विद्यार्थी की कर्मचारी?

निवासी डॉक्टर कागदोपत्री विद्यार्थी असतो. फी भरतो, प्रबंध लिहितो, तीन वर्षांनी परीक्षा देतो. पण रुग्णालयाचा रात्रंदिवसाचा कारभारही त्याच्याच हातून चालतो आणि त्याबद्दल त्याला विद्यावेतन मिळते. या दुहेरी ओळखीत त्याचा तोटाच होतो. कामाचे तास मोजायला गेले तर 'तू इथे शिकायला आला आहेस' असे ऐकावे लागते आणि अभ्यासासाठी रजा मागितली तर 'मग वॉर्ड कोण बघणार?' हा प्रश्न तयार असतो.

खरे उत्तर २०२१ साली मिळाले. पदव्युत्तर प्रवेशासाठीची, कोविडमुळे लांबलेली नीट-पीजी परीक्षा ११ सप्टेंबरला झाली. मग ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे प्रवेशफेऱ्या अडल्या. पहिल्या वर्षाची तुकडी आलीच नाही आणि तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांवर पडले. देशभरातले निवासी डॉक्टर डिसेंबरात रस्त्यावर उतरले. ७ जानेवारी २०२२ च्या आदेशानंतर फेऱ्या सुरू झाल्या. शिकणाऱ्यांची एक तुकडी उशिरा आली म्हणून सरकारी रुग्णालये डगमगत असतील, तर ती तुकडी रुग्णालयाची कर्मचारी आहे हे सरळ मान्य केले पाहिजे.

इमर्जन्सीच्या दिवशी काय काय करावे लागते

प्रत्येक युनिटचा आठवड्यातला इमर्जन्सीचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी कॅज्युअल्टीत येणारा त्या विषयाचा प्रत्येक रुग्ण त्या युनिटचा. खाटा संपल्या की फरशीवर गाद्या पडतात. नाही म्हणण्याची मुभा नसते, कारण सरकारी मेडिकल कॉलेजच्या पुढे पाठवायला जागाच उरत नाही.

यातले एकच काम जवळून पाहू. राउंडवर मोठे सर फाइलवर एक ओळ लिहितात, 'एक बाटली रक्त द्या.' पहिल्या वर्षाची डॉक्टर रुग्णाच्या हातातून नमुना काढते, नळीवर नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिते, रक्तपेढीचा अर्ज हाताने भरते. नमुना पोचवायला वॉर्डातला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, हवा. मामा दोन वॉर्डांत मिळून एक आणि तो ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेलेला. मग तीच निघते. रक्तपेढी दुसऱ्या इमारतीत. तिथे अर्जावर एक सही राहिल्याचे कळते, ती घ्यायला परत वर. क्रॉसमॅच होईपर्यंत थांबायला वेळ नाही, कारण तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन आलेला असतो. तिकडचा रुग्ण बघून ती पुन्हा रक्तपेढीत जाते, पिशवी घेते, वॉर्डात येऊन सिस्टरसोबत पिशवीवरचा क्रमांक आणि रक्तगट ताडून पाहते, रक्त सुरू करते आणि रिअॅक्शन येत नाही ना हे पाहत पहिली पंधरा मिनिटे खाटेशी थांबते. निदान थांबायला हवे. या सगळ्यात डॉक्टरनेच करावे असे काम सुरुवातीला थोडे आणि शेवटी थोडे. मधली सगळी धावपळ ज्या पदांची आहे ती पदे रिकामी आहेत.

असेच सीटी स्कॅनला स्ट्रेचर ढकलत नेणे, रिपोर्ट गोळा करणे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी कागद आणि फोटो जमवणे, अपघाताच्या केसची पोलिसांसाठी नोंद करणे, डिस्चार्ज कार्ड लिहिणे. सकाळच्या राउंडआधी सगळे रिपोर्ट फाइलला लागलेले नसतील तर बोलणी पहिल्या वर्षाला बसतात. राउंड संपला की ओपीडी, ओपीडी संपली की पुन्हा वॉर्ड. परिचारिकांचीही हीच गत असते, हे इथे नोंदवले पाहिजे. एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात ते कुठल्याही जनरल वॉर्डात डोळ्यांनी मोजता येते.

नियम आहेत, पाळतो कोण?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी निर्देश काढले. सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांहून जास्त नसावी आणि आठवड्याचे काम अठ्ठेचाळीस तासांत बसावे, असे त्यांत आहे. निकडीच्या प्रसंगी सवलत ठेवली आहे, आणि आपल्याकडे निकड रोजचीच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत तर आकडाच नाही. 'वाजवी' तास काम आणि 'वाजवी' विश्रांती, एवढेच त्यात म्हटले आहे. वर्षाला वीस दिवस पगारी रजा आणि आठवड्याला एक सुट्टी मात्र लिहिलेली आहे. पुढे आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. तीस वर्षांत अठ्ठेचाळीसवरून चौऱ्याहत्तरवर येणे ही माघार आहे. तरीही ती मर्यादा कुणी खरोखर अमलात आणली तर निवासी डॉक्टरांचे भले होईल, इतकी आजची स्थिती वाईट आहे.

झोप नाही, मग चूक

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखे चालते. चोवीस तास जागरण झाले की ही तुलना ०.१० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. या हिशेबाने, जिला आपण स्कूटर चालवू देणार नाही अशा अवस्थेतली डॉक्टर पहाटे पाच वाजता लहान बाळाच्या औषधाचा डोस मोजत असते.

बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात डॉक्टरांच्या चोवीस तासांहून लांब पाळ्या बंद करून पाहिल्या गेल्या. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीच्या पाळ्यांत गंभीर वैद्यकीय चुका जवळपास ३६ टक्क्यांनी जास्त होत्या. अमेरिकेत हा विषय पेटला तो त्याच्याही आधी. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दमलेले होते आणि त्यांच्यावर पुरेशी देखरेख नव्हती, असा मुद्दा तिच्या वडिलांनी, ते पत्रकार होते, लावून धरला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. युरोपीय संघात ती ४८ तासांची आहे.

लहान पाळ्यांचीही एक अडचण आहे. रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जास्त वेळा सोपवला जातो आणि त्यात माहिती गळू शकते. पण त्यावर उपाय आहे. सोपवण्यासाठी अर्धा तास वेगळा काढायचा आणि माणसे पुरेशी ठेवायची.

बर्नआउट म्हणजे नेमके काय

हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये बर्नआउटची अवस्था पाहिली. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची पट्टी तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात. भावनिक दमणूक ही पहिली, सकाळी उठल्यावरच अंगात त्राण नसणे. दुसरी, समोरच्या माणसातले माणूसपण दिसेनासे होणे. 'बारा नंबरची आजी' जाते आणि 'बारा नंबरचा पॅनक्रियाटायटिस' उरतो. आणि तिसरी, आपल्या हातून काहीच धड होत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था अशी ती नोंद आहे. दोष कुठे शोधायचा हे त्या नोंदीतच आले.

नैराश्य वेगळे. ते कामापुरते राहत नाही, घरी, सुट्टीत, जेवताना सगळीकडे सोबत येते. मात्र एकातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२४ च्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी दहातल्या सुमारे तिघांनी वर्षभरात आयुष्य संपवण्याचे विचार मनात आल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक जणांना आठवड्याची सुट्टी मिळत नव्हती. ही पाहणी स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची होती हे खरे. तरीही पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर डॉक्टरांनी भरून दिलेले हे उत्तर आहे आणि ते वाचून कुठल्याही अधिष्ठात्याची झोप उडायला हवी. हे वाचणारा कुणी डॉक्टर अशा विचारांतून जात असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे बोलावे, वाट पाहू नये.

माहीत असते, पण देता येत नाही

काही डॉक्टरांना बर्नआउट हे निदानच अपुरे वाटते. जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मनावरच्या जखमांबद्दल लिहिले होते. जे बरोबर आहे त्याच्याशीच प्रतारणा झाल्याची ती जखम. २०१८ मध्ये वेंडी डीन आणि सायमन टॅलबॉट या अमेरिकी डॉक्टरांनी हाच विचार वैद्यकीय क्षेत्राला लावला. त्यांच्यासमोर विमा कंपन्या आणि नफेखोर रुग्णालये होती. आपल्याकडे तीच जखम अभावातून होते.

सरकारी वॉर्डात नातेवाईक रुग्णाच्या उशाशी बसून हाताने अंबू बॅग दाबताना दिसतात. व्हेंटिलेटर रिकामा नसतो म्हणून भाऊ, बायको, मुलगा आळीपाळीने तासन्‌तास श्वास देत राहतात. त्यांना ती बॅग कशी दाबायची हे शिकवून पुढच्या रुग्णाकडे जाणारा डॉक्टर निवासी असतो. या माणसाला काय हवे आहे ते त्याला पक्के माहीत असते. औषधाचेही तेच. भांडारात नाही म्हणून तो चिठ्ठीवर लिहितो आणि म्हणतो, 'बाहेरून आणा.' समोरचा बाप खिसा चाचपतो ते त्याला दिसत असते. देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून करतात, हा २०२१-२२ चा सरकारी हिशेब आहे. सरकारचा खर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे वचन दिले होते.

नांदेडचे प्रकरण अजून लोकांच्या लक्षात असेल. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधांचा तुटवडा नव्हता, बरेच रुग्ण शेवटच्या अवस्थेत आले होते, असे प्रशासन म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण त्याआधी ३ ऑक्टोबरला तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. सफाई कामगारांची पदे किती मंजूर आणि किती भरलेली, हा प्रश्न त्या गर्दीत विचारायला हवा होता. एका डॉक्टरची मानहानी झाली आणि ती पाहणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरने आपले भविष्य पाहिले.

मारहाण

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभागातल्या निवासी डॉक्टरला जमावाने बेदम मारले. मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे राज्यभरातले सदस्य सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला, सरकारने सुरक्षारक्षक देण्याचे आश्वासन दिले. राज्यात २०१० पासून कायदा आहेच. डॉक्टरांवर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिक्षा झाल्याची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीत सेमिनार हॉलमध्ये विसावलेल्या निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा महाराष्ट्रातले डॉक्टरही रस्त्यावर आले. तिला पाठ टेकायला सुरक्षित ड्युटी रूम नव्हती, ही त्या घटनेतली बाब आपल्या कितीतरी रुग्णालयांना जशीच्या तशी लागू आहे.

मारणाऱ्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण राग येतो कुठून? पालघर किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून रुग्ण निघतो. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात, तिथून मेडिकल कॉलेजात, दर ठिकाणी 'पुढे न्या'. कर्ज काढून, गाडी करून माणसे पोचतात तेव्हा वेळ निघून गेलेली असते. रिकामे पद किंवा अडकलेली निविदा त्या नातेवाइकाला दिसत नाही. दिसतो तो पांढऱ्या कोटातला, रात्रभर न झोपलेला, तुटक बोलणारा मुलगा.

कॉलेजे वाढली, माणसे कुठे आहेत?

देशात २०१४ च्या सुमारास एमबीबीएसच्या ५१ हजारांच्या आसपास जागा होत्या, आज त्या एक लाखाच्या वर आहेत. महाराष्ट्रात ९ ऑक्टोबर २०२४ ला एकाच दिवशी दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. गडचिरोली, वाशिम, हिंगोलीला कॉलेज मिळाले याचा आनंदच आहे. पण इमारतीबरोबर प्राध्यापक जन्माला येत नाहीत. तपासणीपुरते शिक्षक इकडून तिकडे पाठवायचे ही जुनी खोड आहे आणि जिथून ते जातात तिथल्या निवासी डॉक्टरांवरचा भार वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये मार्डने संप केला तेव्हाची पहिली मागणी पैशाची नव्हती. वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करा, ही होती. आम्हाला मदतीला माणसे द्या, एवढाच तिचा अर्थ. वसतिगृहाची दुरवस्था आणि रखडणारे विद्यावेतन हे तर दर संपाच्या मागण्यांत असतेच.

योगाचा तास पुरणार नाही

निवासी डॉक्टरांवरच्या ताणाच्या बातम्या आल्या की प्रशासन तणावमुक्तीची शिबिरे घेते, ध्यानधारणेचा तास ठेवते. योगाला माझा विरोध नाही. पण छत्तीस तास उभ्या असलेल्या माणसाला सदतिसाव्या तासाला प्राणायामाला बोलावणे हे उत्तर होऊ शकत नाही. समुपदेशक हवेतच, आणि ते स्वतःच्या विभागाबाहेरचे हवेत. जो प्राध्यापक परीक्षेत गुण देणार त्याच्यापुढे मन कोण मोकळे करील?

माझ्या मते सुरुवात खालून व्हावी. वॉर्डातले मामा, मावशी, रक्ताचे नमुने घेणारे तंत्रज्ञ, योजनेचे कागद भरणारे लिपिक ही पदे भरली तर निवासी डॉक्टरच्या दिवसातले कित्येक तास एका फटक्यात मोकळे होतील. त्यासाठी नवे कॉलेज बांधावे लागत नाही, विशेषज्ञ शोधावे लागत नाहीत. त्यानंतर रात्रपाळीची वेगळी तुकडी, म्हणजे रात्री काम करणारा सकाळी नऊला घरी गेलाच पाहिजे, असा बांधीव रोस्टर. तो रोस्टर कागदावर सुंदर आणि वॉर्डात वेगळा असे होऊ नये म्हणून हजेरीची तपासणी बाहेरच्या माणसाने करावी. एका रुग्णामागे दोनच नातेवाईक आत, हा पासचा नियम आजही आहे, तो पाळला तरी निम्मी भांडणे टळतील.

तुम्ही काय करू शकता

तुमच्या जिल्ह्यातल्या शासकीय महाविद्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. चतुर्थश्रेणी कर्मचारी, परिचारिका, तंत्रज्ञ आणि शिक्षक यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, हे संवर्गनिहाय मागा. निवासी डॉक्टरांच्या गेल्या तीन महिन्यांच्या ड्युटी रोस्टरच्या प्रती दुसऱ्या अर्जात मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मिळालेले आकडे घेऊन आपल्या आमदाराकडे जा आणि ही पदे कोणत्या तारखेपर्यंत भरणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.